चिखल, एकास चोवीस

धूळ खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, कागद बोलतात, फोटो तर सर्रास बोलतात; पण वस्तूवर बसलेली धूळ जे घडलं तेवढंच सांगते, असा सिद्धांत त्याने अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतून काढला होता. तो त्याने बायकोला एकदाच ऐकवला. ती म्हणाली, "मग पंख्याची पाती काय म्हणतायत ते ऐका, आणि येताना स्टूल घेऊन या." सिद्धांताला घरात मिळालेली दाद एवढीच. ऑफिसात मात्र त्याच्यावर पगार चालत होता. विमा कंपनीच्या वतीने आपटलेल्या, घासलेल्या, चेपलेल्या गाड्या पाहायच्या. कुठला पोचा कालचा, कुठला परवाचा, कुठला खांबामुळे आणि कुठला मेव्हण्याला गाडी चालवायला दिल्यामुळे, हे ठरवून लिहायचं. पोच्याच्या कडेला धूळ बसलेली असली की तो जुना. धूळ नसली की नवा. आणि गाडीच धुतलेली असली तर काहीच म्हणता येत नाही, म्हणून त्यासाठी एक तयार वाक्य होतं: 'पाहणीपूर्वी वाहन धुतलेले आढळले.' या वाक्यापुढे वरचे साहेब लोक फार वाचत नसत. ज्याची गाडी असेल त्याचं काम तिथेच आटोपायचं.

त्या मंगळवारी तो एका निवृत्त शिक्षिकेच्या दारात उभा होता. बाईंची छोटी पांढरी गाडी खाली, जिन्याशेजारच्या जागेत, नवऱ्या मुलीसारखी सजून बसली होती. काचा लखलखीत, चाकांच्या वाट्याही पुसलेल्या. मागचं दार मात्र आत गेलेलं, कुणीतरी कोपर मारल्यासारखं. दोघं खाली उतरल्यावर त्याने वाकून पोच्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. "गाडी धुतलीत?" त्याने विचारलं. बाई अभिमानाने म्हणाल्या, "म्हणजे काय! तुम्ही येणार होतात ना." मग आवाज जरा खाली आणून, "माणूस बघायला येणार म्हटल्यावर तशीच मळकी दाखवायची का?" त्याने खिशातून पेन काढलं, फॉर्म गुडघ्यावर धरला आणि वाक्य लिहायला घेतलं. 'पाहणीपूर्वी वाहन' इथपर्यंत पेन सवयीने गेलं आणि तिथे थांबलं. शाई संपली नव्हती. तुम्ही येणार होतात ना. हे वाक्य त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि कुठे ते आठवायला त्याला बाहेर पडून रस्त्यावर यावं लागलं. ऐकलं नव्हतं. तो स्वतः बोलला होता. सतरा वर्षांचा असताना, हातात ओला फडका घेऊन, अण्णांना.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते एका श्रीमंत गृहस्थाच्या गॅरेजात मेकॅनिक होते. त्या गृहस्थाला, ज्याला सगळे नुसतं मालक म्हणत, जुन्या गाड्या जमवायचा नाद होता आणि चालवायची भीती होती, त्यामुळे गाड्या मालकाच्या आणि संसार अण्णांचा, असा कारभार चाले. त्यातली एक शर्यतीची होती. तेव्हाच पन्नाशी उलटलेली, लांब नाकाची, उघडी, एकाच माणसाची. बॉनेटवर चामड्याचा पट्टा, सायकलसारखी तारांची चाकं, शेपटीवर रंगवलेला आकडा. दोन गावं पलीकडे घाटात जुन्या गाड्यांची शर्यत होती. मालकांचं नाव दिलं होतं आणि आदल्या संध्याकाळी मालकांना पोटात काहीतरी झालं. काय ते सगळ्यांना कळलं होतं, पण पोट मालकांचं होतं. अण्णा म्हणाले, मी नेतो. आणि नेली. आयुष्यात एकदाच, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते शर्यतीत गाडी घेऊन गेले आणि आठांत सातवे आले. आठवी गाडी सुरूच झाली नव्हती. गाडी ट्रकवर चढवून रविवारी परत आली. अण्णा काही कामासाठी तिथेच राहिले होते, सोमवारी बसने येणार होते. तो सुट्टीवर घरी आलेला. गॅरेजचं दार उघडून पाहतो तर गाडी नाकापासून शेपटीपर्यंत चिखलाने माखलेली. आकडासुद्धा वाचता येत नव्हता. त्याला वाटलं, अण्णा येतील, इतका पराक्रम करून येतील, आणि गाडी अशी? तीन तास लागले. साबण, ब्रश, चार बादल्या. चाकाची एकेक तार त्याने चिंधीने पुसली. चिखल नाल्यात गेला. मग अण्णा आले. दारात उभे राहिले. तोंडावर रुमाल दाबलेला, डोळे लाल. तो म्हणाला, "तुम्ही येणार होतात ना, म्हणून धुतली." अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, काढला, आणि एक शब्द न बोलता घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस जेवले नाहीत, बोलले नाहीत. आई म्हणाली, "त्यांच्याशी बोलायला जाऊ नकोस, त्रास होतोय त्यांना." तिसऱ्या दिवशी तो वसतिगृहावर परत गेला. घाटातल्या चिखलात त्या माणसाची उभ्या आयुष्यातली एकच गोष्ट लिहिलेली होती आणि ती आपण साबण लावून पुसली, हे त्याला बसमध्ये कळलं. परत उतरावं असं वाटलं. उतरला नाही, तिकीट काढलं होतं.

त्यानंतर अडतीस वर्षं दोघांनी 'आलास?', 'आलो', 'निघालास?', 'निघालो' या चार शब्दांवर काढली. भांडण नव्हतं. भांडायला जास्त शब्द लागतात. अण्णा पुन्हा कधी शर्यतीत गेले नाहीत, त्या शर्यतीबद्दल कधी बोलले नाहीत. मालकांनी गाडी विकली, घेणाऱ्याने ती मोडली की ठेवली कोण जाणे. आई गेली. अण्णा ताईकडे राहायला गेले. आणि तो गाड्यांवरची धूळ वाचायच्या नोकरीला लागला, हा योगायोग असं तो स्वतःला सांगत असे.

बाईंच्या फॉर्मवरचं वाक्य त्याने दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं. खोटं लिहिता येत नव्हतं. वाहन धुतलेलं आढळलंच होतं. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शर्यतीच्या आधीच लग्न होऊन गेलेली. "अण्णांचं बघ जरा," ती म्हणाली. "डावा डोळा गेलाच. उजव्याचं डॉक्टर म्हणतात, आहे तोवर आहे. अगदी नाकाजवळ धरलं तर दिसतं. मला परवा आवाजावरून ओळखलं, आणि वर म्हणतात, जाड झालीस. आवाजावरून! तर तुला काय दाखवायचं असेल ते दाखवून घे बाबा." तिला नातवंडांचे फोटो वगैरे म्हणायचं असावं. तो म्हणाला, "मला थोडे दिवस लागतील." "कशाला?" "तयार नाहीये अजून." ताईने त्याच्या बायकोला फोन करून त्याची तब्येत विचारली.

शाळेच्या वह्या आणि रंग विकणाऱ्या एका दुकानात मागच्या फळीवर खोक्यातल्या छोट्या गाड्या असत. तुकडे तुकडे सुटे, आपण जोडायच्या. अण्णांनी नेली तीच गाडी मिळणं शक्य नव्हतं, पण तिची चुलत बहीण शोभेल अशी एक मिळाली. माप एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा, वीतभर लांब. बाकी त्याने करवतीच्या पात्याने आणि भेगा बुजवायच्या लांबीने जुळवून घेतलं. शेपूट आखूड केली, बॉनेटला जुन्या पाकिटाच्या चामड्याचा पट्टा केला. चाकांच्या तारांसाठी मासे पकडायचा नायलॉनचा दोरा एकेक ओवला, त्यात तीन रविवार गेले. सकाळी ऑफिसला जायच्या आधी तासभर आणि रविवारी दुपारी, बाल्कनीत, उलट्या ठेवलेल्या पाटावर त्याचा कारखाना चाले. संदर्भाला एकच फोटो होता. ताईच्या अल्बममधला, काळा-पांढरा, शर्यत संपल्यावर कोणीतरी काढलेला: अण्णा गाडीत बसलेले, चेहरा हलल्यामुळे पुसट, गाल जरा सुजल्यासारखा. उन्हामुळे असेल, असं त्याला वाटलं. त्याचं लक्ष गाडीवर होतं. फोटोत गाडीची उजवी बाजू दिसत होती. डावी बाजू जगात कुठेच नव्हती.

रंग चढवून, चकाकी आणून गाडी तयार झाली तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "सुरेख झालीय हो," ती म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर असा शब्द फुकट जाऊ द्यायचा नसतो, पण तो म्हणाला, "आता खराब करायची." बायकोने कप खाली ठेवला. "लोकांचे नवरे रविवारी गाड्या धुतात. माझा मळवतो. आणि ही माझी चहाची गाळणी का घेतलीत?" माती चाळायला घेतली होती. खडा चोविसाव्या हिश्शाचा हवा; साधी वाळू घेतली तर चाकाखाली धोंडे दिसतात. "नवीन आणून देतो," तो म्हणाला. "गाळणीचं नाही हो," बायको म्हणाली, "माणसाला काहीतरी कळायला हवं, एवढंच." तिला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. पण त्या वाक्यात 'मी' आणि 'अण्णा' असे दोन शब्द शेजारी येत होते आणि त्याला ती सवय नव्हती.

मळवण्याचं शास्त्र आहे. ते उलट्या क्रमाने करायचं नसतं. आधी जे आधी घडलं ते: वर्षानुवर्षांची झीज, स्पंजच्या तुकड्याने टिचक्या मारून उडवलेले रंगाचे टवके, मेकॅनिकचा हात जिथे रोज टेकतो तिथली विटलेली जागा. मग खिळ्यांच्या डोक्यांखाली गंज, सुईच्या टोकाएवढा. जास्त झाला की गाडी म्हातारी दिसत नाही, आजारी दिसते. मग अगदी पातळ केलेला काळपट रंग सगळीकडून सोडायचा, तो आपोआप फटींत जाऊन बसतो. याला अशा छोट्या गाड्या करणाऱ्यांत वॉश म्हणतात, म्हणजे धुणं, हे वाचून तो जरा वेळ पाट सोडून उठला होता. मग धुराड्यामागची काजळी, शिसपेन्सिलीची भुकटी करून. सगळ्यात शेवटी त्या एका दिवसाचा चिखल. उजव्या बाजूचा त्याने फोटोवरून घेतला. डाव्या बाजूपाशी आल्यावर तो घाबरला होता, पण गोंदात कालवलेली माती जुन्या टूथब्रशवर घेऊन अंगठ्याने पहिला शिंतोडा उडवला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सगळं आठवतंय. का नाही आठवणार? शर्यत बघणाऱ्यांनी गाडी जाताना बघितली होती, लांबून, क्षणभर. तो तीन तास त्या चिखलाशी तोंडाला तोंड लावून बसला होता. जगात तो चिखल इतक्या जवळून कोणीच पाहिला नव्हता. धुणाऱ्याने जितकं पाहिलं तितकं मळवणाऱ्यानेही नाही. डाव्या पुढच्या चाकामागे पंख्यासारखा उडालेला मोठा फवारा, त्याला आधी तोच लागला होता. ओढ्यात उतरताना उडाला असणार. दाराच्या जागी चार बोटांची खूण, कोणीतरी ढकलायला हात लावलेला. आकड्यावर आडवा ओघळ. बॉनेटच्या पट्ट्याखाली वाळलेल्या गवताची एक काडी अडकलेली. ती त्याने नखाने काढून फेकली होती. आता त्याने झाडूची काडी पात्याने तासून, चिमट्याने तिच्यासारखी तिरपी बसवली. तो ज्या फडक्याने पुसत गेला होता त्याच्या मागोमाग, अडतीस वर्षांनी, चिखल पुन्हा जागच्या जागी येत होता. शेवटच्या रविवारी त्याला रडू आलं, पण गोंद वाळायच्या आत काम उरकायचं असल्यामुळे ते राहून गेलं.

गाडी आठवडाभर वाळत ठेवलेली असताना शिक्षिका बाईंचा फोन आला. वरून नकाराचं पत्र गेलं होतं. बाई चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला फक्त समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. वर्गातल्या हुशार मुलीने शंका विचारावी तशा स्वरात. "मी धुतली नसती तर चाललं असतं?"

"बहुतेक."

"मग आधी कोणी सांगायचं ना."

"हो," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं." फोन ठेवल्यावर त्याला वाटलं की हे आपण बाईंना म्हणालो नाही. मग पुन्हा फॉर्म मागवायला हवा, असंही वाटलं. मागवला नाही, शनिवार होता.

दुसऱ्या दिवशी तो बुटांच्या खोक्यात कापूस घालून गाडी ताईकडे घेऊन गेला. संपूर्ण रस्ताभर खोकं मांडीवर. चाकामागचा एक शिंतोडा निसटला तर काय, या काळजीने त्याने वळणावर श्वास रोखून धरला. ताईने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं, "पेढे नाहीत वाटतं," म्हणाली आणि बाजूला झाली. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, उजवी बाजू उजेडाकडे करून.

"आलास?"

"आलो." इथे नेहमी संभाषण संपत असे. तो खाली बसला, खोकं उघडलं, आणि त्यांचे दोन्ही हात धरून त्यात गाडी ठेवली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाचा हात धरला नव्हता, आणि वडिलांचा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून नाही. "अण्णा, बघा. ओळखू येतेय का?"

अण्णांनी आधी बोटांनी पाहिली. चाकांच्या तारांवरून नख फिरवलं, तार वाजते का म्हणून कान लावला. मग उजव्या डोळ्याशी इतकी जवळ नेली की लांब नाक त्यांच्या नाकाला लागलं. बराच वेळ ते तिला फिरवत राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आपलीच आहे," अण्णा म्हणाले. "पट्टा बरोबर घातलास. आणि ही घाण कसली?"

"चिखल आहे, अण्णा. शर्यतीचा. जसा होता तसा लावलाय, तसूभर इकडचा तिकडे नाही." आणि मग, कापूस चिवडत, "मी धुतला होता तो. माझं चुकलं."

"चुकलं कसलं? फर्स्टक्लास धुतली होतीस. तारांच्या मुळातलासुद्धा काढला होतास. मालक दुसऱ्या दिवशी येणारच होते, नाहीतर मलाच बसावं लागलं असतं धुवत. त्या अवस्थेत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"केव्हा?"

"आलात तेव्हा. तोंडाला रुमाल लावून उभे राहिलात. डोळ्यांत पाणी. दोन दिवस जेवला नाहीत, बोलला नाहीत..."

"अरे, दाढ काढली होती!" अण्णा म्हणाले. "ओढ्यात गाडी आपटली, दातावर दात बसला, दाढ उभी चिरली. तशीच शर्यत संपवली. मग तिथल्या एका डॉक्टरकडे गेलो. तो डॉक्टर कसला, लोहार! अर्धी काढली, अर्धी दुसऱ्या दिवशी. म्हणून तर राहिलो ना मागे. तोंडात हा एवढा कापूस कोंबलेला, बोलणार कुठून?"

ताई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिचं हसू बघून अण्णाही हसले. त्यालाही हसता आलं असतं. तो म्हणाला, "पण नंतर? नंतर कधी शर्यतीचं नावसुद्धा काढलं नाहीत."

अण्णांनी गाडी मांडीवर ठेवली. अंगठा फवाऱ्यावरून फिरत होता आणि माती थोडी थोडी सुटत होती. "तू विचारलंस कधी?" ते म्हणाले. "मला वाटलं, आठांत सातवा आलो, पोराला लाज वाटली असेल. कोणी बघायच्या आत धुऊन टाकलीन. म्हटलं, नको असेल त्याला, तर कशाला काढा. तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलासही. मला तेव्हा नीट बोलता यायला लागलं होतं. पुष्कळ सांगण्यासारखं होतं रे त्या ओढ्याचं." त्यांनी जरा थांबून आठवून पाहिलं. "आता नाही नीट आठवत."

अण्णांच्या धोतरावर मातीचे चार कण पडले होते, एकास चोवीस या मापाचे. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पुष्कळ विचारायचं होतं, ओढा किती खोल होता, ढकलायला कुणी हात लावला, सहावा जो आला तो किती पुढे होता. पण नोकरीतला माणूस तोंडाशी सगळ्यात आधी येतो. "कुठली दाढ?" त्याने विचारलं.

अण्णांनी खिडकीकडे तोंड केलं आणि आ केला. तो उठला, वाकला आणि उजेडात नीट पाहिलं. खालच्या बाजूला, उजवीकडे, शेवटून दुसरी दाढ नव्हती.